न ओढता सुटणारं कोपर

सहा वर्षांच्या धडधाकट मुलाच्या कोपराचा एक्स-रे पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास दचकतो. दंडाचं हाड वरून नीट खाली येतं आणि सांध्याजवळ पोचता पोचता संपून जातं. पुढे मोकळी जागा, आणि त्या जागेत हाडाचे दोन-तीन गोल तुकडे कशालाही न चिकटता अधांतरी. आई-बापाला वाटतं, पोराच्या कोपराचा चुरा झाला. प्रत्यक्षात त्या फोटोत काहीच मोडलेलं नसतं. मोकळी दिसणारी जागा कूर्चेनं भरलेली असते, आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. ते गोल तुकडे म्हणजे कूर्चेच्या पोटात जिथे हाड तयार व्हायला लागलं, ती केंद्रं.

एका कोपरात अशी सहा केंद्रं असतात आणि ती ठरलेल्या क्रमानं उगवतात. पहिलं वयाच्या पहिल्या वर्षाच्या आसपास, दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या गोल टोकात. दुसरं तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान, मनगटापाशी अंगठ्याच्या बाजूला येणाऱ्या हाडाच्या माथ्यावर. तिसरं पाचव्या-सहाव्या वर्षी, कोपराच्या आतल्या उंचवट्यात. चौथं सात ते नऊच्या दरम्यान, दंडाच्या हाडाच्या कप्पीत. पाचवं नवव्या-दहाव्या वर्षी, जे टोक आपण टेबलावर टेकतो त्यात. आणि सहावं अकरा-बारा वर्षांचं झाल्यावर, बाहेरच्या उंचवट्यात. मुलींमध्ये हे सगळं थोडं आधी होतं. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत बहुतेक केंद्रं मुख्य हाडाला जुळून जातात. हे वेळापत्रक इतकं भरवशाचं आहे, की जन्माचा दाखला नसलेल्या मुलाचं वय ठरवायचं झालं तर न्यायालयंसुद्धा मनगटाबरोबर कोपराचा एक्स-रे काढायला सांगतात.

क्रमाचा आणखी एक उपयोग आहे, आणि मला तो फार देखणा वाटतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाचं कोपर निखळलं, बसवलं, एक्स-रे काढला. कप्पीतलं चौथं केंद्र दिसतंय, पण आतल्या उंचवट्याचं तिसरं आपल्या जागी नाही. तिसऱ्याच्या आधी चौथं उगवत नाही. म्हणजे तिसरं आहेच, फक्त जागेवर नाही. ते तुटून सांध्याच्या फटीत जाऊन बसलंय, आणि जे केंद्र ‘चौथं’ वाटतंय ते कदाचित तेच आहे. हे डॉक्टरच्या लक्षात आलं नाही तर ते कोपर पुढे कितीही व्यायाम केला तरी हलणार नाही. म्हणून मुलांचे डॉक्टर पुष्कळदा चांगल्या हाताचाही एक्स-रे मागतात. घरच्यांना तो पैसे काढण्याचा प्रकार वाटतो, पण दोन्ही कोपरं शेजारी ठेवल्याशिवाय काही कोडी सुटतच नाहीत.

असं कोपर मोडतं कसं, हे पाहायला आता बीड जिल्ह्यात येऊ. चिंचेचं झाड, शाळेची भिंत, मळ्यातली बैलगाडी, उसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली. पोरं पडायला जागा भरपूर. बालाघाटच्या डोंगरात सीताफळं पिकायला लागली की पोरांचे दिवस झाडाझुडपांत जातात. पडताना माणूस हात पुढे करतो, मोठाही आणि लहानही. फरक पुढे होतो. पाच ते सात वर्षांच्या मुलाचे सांधे सैल असतात, त्यामुळे जमिनीवर टेकलेला हात कोपरात सरळ होऊन थांबत नाही, उलट्या बाजूला थोडा अधिक वाकतो. मग कोपराचं मागचं टोक दंडाच्या हाडाच्या मागच्या खळग्यात घुसून तरफेसारखं काम करतं. त्याच पातळीवर हाडाच्या पुढच्या बाजूलाही एक खळगा असतो. दोन खळग्यांच्या मधला हाडाचा पडदा इतका पातळ असतो की दिव्यासमोर धरला तर उजेड आरपार दिसावा. काही माणसांत तर तिथे चक्क भोक असतं. सगळा भार नेमका तिथे येतो आणि हाड मोडतं. मुलांच्या कोपराजवळची ही सगळ्यात जास्त आढळणारी मोड. १९५९ साली गार्टलँड या अमेरिकी शल्यविशारदानं तिच्या तीन पायऱ्या पाडल्या: हाड सरकलेलं नाही, सरकलंय पण हाडाची मागची बाजू टिकून आहे, आणि पूर्ण सुटलंय. आजही बीडपासून बोस्टनपर्यंत डॉक्टर त्याच पायऱ्यांच्या भाषेत बोलतात.

सरकलेल्या हाडाला भूल देऊन, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत, कातडी न उघडता जागेवर बसवतात आणि बाहेरून दोन-तीन बारीक तारा घालून पकडतात. वर कच्चं प्लास्टर. तीन-चार आठवड्यांत हाड धरतं, तारा ओपीडीतच ओढून काढल्या जातात, प्लास्टर निघतं. आणि मग घरात खरी घबराट सुरू होते, कारण हात काटकोनात अडकलेला असतो. सरळ होत नाही, तोंडापर्यंत जात नाही. आजी म्हणते, हाड बसलं पण शिर आखडली, चोळून द्या. शेजारी हाडवैद्याचा पत्ता सांगतो. कुणी पाण्याची बादली धरून उभं करतं, म्हणजे वजनानं हात सरळ होईल. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण यातलं जवळजवळ सगळंच उलटं आहे, आणि का उलटं आहे हे समजायला कोपराच्या आत शिरावं लागतं.

कोपर हा एक सांधा नाही. एकाच पिशवीत बसलेले तीन सांधे आहेत. दंडाच्या हाडाशी खालची दोन हाडं दोन ठिकाणी भेटतात, त्यांतून हात वाकतो आणि सरळ होतो; आणि खालची दोन हाडं आपापसात भेटतात, त्यातून तळहात उताणा-पालथा होतो. तिन्हींभोवती एकच पातळ पडदा. निरोगी कोपर पूर्ण सरळ म्हणजे शून्यापासून १४०-१४५ अंशांपर्यंत वाकतं. १९८१ साली मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी ३३ निरोगी माणसांना रोजची पंधरा कामं करायला लावून कोपराचे कोन मोजले. खाणं, पाणी पिणं, दार उघडणं, खुर्चीतून उठणं. निघालं असं की जवळजवळ सगळी कामं ३० ते १३० अंशांच्या दरम्यान उरकतात, आणि तळहात दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास अंश फिरला तर पुरतो. म्हणजे हात शेवटचे तीस अंश सरळ झाला नाही तर संसार अडत नाही. घरचे मात्र बहुधा त्याच तीस अंशांसाठी झुरतात, कारण ते डोळ्याला दिसतात. वाकण्याचे शेवटचे अंश गेले तर घास तोंडाशी पोचत नाही, शर्टाचं वरचं बटण लागत नाही. त्याची तक्रार उशिरा येते, कारण पोरगं दुसऱ्या हातानं जेवायला शिकतं. तळहात पालथा होत नसेल तर खांदा बाजूला उचलून माणूस वेळ निभावतो. तो उताणा होत नसेल तर खांद्याकडून काहीच मदत नाही. तीर्थ घ्यायला हात पुढे केला की ते कळतं.

आता त्या पिशवीकडे. तिच्यात प्रौढ माणसाच्या बाबतीत साधारण २० ते २५ मिलीलिटर द्रव मावतो, आणि सगळ्यात जास्त मावतो तो कोपर सुमारे ८० अंशांत वाकलेलं असताना. पूर्ण सरळ केलं किंवा पूर्ण वाकवलं की पिशवीत जागा कमी होते. मार लागला, आत रक्त साचलं, की मूल आपोआप हात काटकोनाच्या जवळ आणून पोटाशी धरतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आतला दाब जिथे सगळ्यात कमी, तिथे शरीर जाऊन थांबतं. पुढे सूज येते, सुजेची जागा कोवळ्या भरून येणाऱ्या मांसानं घेतली जाते, आणि त्याचं होतं चिवट तंतूंचं जाळं. पाण्याबाहेर पडून राहिलेल्या मोटेच्या कातड्यासारखी पिशवी आटते आणि ताठरते. कायमच्या आखडलेल्या कोपरात मग सहाएक मिलीलिटरच मावतं.

हे आकसणं करणारी एक खास पेशी असते. ती तंतूही विणते आणि स्नायूसारखी आक्रसतेही. स्वित्झर्लंडमध्ये जुलिओ गाब्बियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१ च्या सुमारास तिची ओळख पटवली. गुडघा खरचटला की जखमेच्या कडा जवळ ओढून आणते ती हीच. कातडीवर ही पेशी आपला जीव वाचवते, आणि कोपराच्या पुढच्या पडद्यात तीच जरा जास्त वेळ रेंगाळली तर हात सरळ होऊ देत नाही. बरं होणं आणि आखडणं यांच्यामागे एकच कारागीर असावा, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही. काम संपलं की या पेशी एरवी मरून जातात. मुलांमध्ये हे आवरतं घेणं बहुतेक वेळा फार छान जमतं.

किती छान? प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत हालचाल झपाट्यानं परत येते, नंतर वेग मंदावतो, पण वर्षभर थोडी थोडी भर पडत राहते. यात फिजिओथेरपीचा वाटा किती, हे दोन ठिकाणी काटेकोर तपासलं गेलं. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ साली छापलेल्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या मुलांचे दोन गट केले. एकाला फिजिओथेरपी, एकाला नाही. तीन-चार महिन्यांच्या टप्प्यावर पहिला गट थोडा पुढे होता. वर्षानंतर दोघांत फरक उरला नाही. अमेरिकेतल्या सिएटलच्या गटानं २०१४ साली असाच प्रयोग छापला, त्यात फिजिओथेरपीचा फायदा दिसलाच नाही. दोन्ही अभ्यास साध्या, कोपराच्या वरच्या मोडीबद्दल होते, हे विसरायचं नाही. सांध्यातून गेलेली मोड, निखळलेलं कोपर, चौदा वर्षांचा मुलगा, यांना हा निष्कर्ष लागू करता येत नाही. पण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात चांगला उपचारक तो स्वतःच असतो. विटी-दांडू, शेंगा सोलणं, पतंग, कपाटावरचा डबा काढणं, दोन्ही हातांनी भाकरी मोडणं. दुखलं की तो थांबतो, आणि तिथेच थांबणं बरोबर असतं.

दुसऱ्याच्या हाताला मात्र ते कुठे दुखतंय हे कळत नाही. कोपराच्या समोर एक स्नायू असतो जो दंडाच्या हाडावरून निघून थेट पिशवीला खेटून खाली जातो. बाकीचे बरेच स्नायू सांध्याजवळ येताना दोरीसारख्या बंधात बदलतात. हा मात्र मांसल अवस्थेतच सांधा ओलांडतो. हाड मोडतं तेव्हा वरच्या तुकड्याचं धारदार टोक पुष्कळदा याच स्नायूत घुसतं. तो आतून फाटलेला, रक्ताळलेला असतो. अशा वेळी त्याला दाबून चोळलं, झटका देऊन हात सरळ केला, की ताज्या जखमेत पुन्हा रक्तस्राव होतो. आणि शरीर कधी कधी एक अजब चूक करतं: त्या रक्ताळलेल्या मांसात हाड बनवायला घेतं. तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेवर ढगासारखी पुसट छाया दिसू लागते, पुढच्या काही महिन्यांत ती घट्ट होते, आणि कोपराच्या पुढ्यात खरोखरचं हाड उभं राहतं. वाकताना ते आडवं येतं. ते वाढत असताना कापायला गेलं तर पुन्हा उगवतं, म्हणून ते पक्कं होईपर्यंत थांबावं लागतं. मुलांच्या बाबतीत एक दिलासा आहे. काही जणांत हे उपरं हाड हळूहळू आपणहून विरघळतं.

तेलाशी भांडण नाही. अंघोळीआधी हलक्या हातानं तेल लावलं तर कातडीला बरंच वाटतं. भांडण आहे ते जोराशी. बादलीचंही तसंच. वजन लटकलं की मूल घाबरून हात वाकवणारे स्नायू आवळतं, म्हणजे जे सैल करायचं तेच ताणून धरतं.

इथे कुणी म्हणेल, परंपरेला नावं ठेवणं सोपं असतं. मग परंपरेतलंच एक जुनं पान उघडू. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात वड, उंबर, पळस, बांबू अशा झाडांच्या साली नि कामट्या बांधायला सांगितल्या आहेत. आणि लगेच बजावलं आहे की पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही, आवळून बांधली तर सूज, वेदना आणि पिकणं ओढवतं, म्हणून मध्यम बांधा. थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी बदला, असंही आहे. कोपर हे त्यात मर्मस्थान मानलं आहे, जिथे इजा झाली तर हात लुळा होऊन राहतो असं. निखळलेलं कोपर बसवताना वैद्यानं ते ताणून वाकवावं आणि तेल द्यावं असंही त्यात सांगितलं आहे, हे लपवायचं कारण नाही. पण ते बसवण्याच्या वेळेचं काम आहे, महिनाभरानंतरचं नव्हे. बरं होतानाचा सल्ला वेगळा आहे. हाताचा पंजा मोडला असेल तर रुग्णानं आधी मातीचा गोळा हातात धरावा, मग मिठाचा खडा, आणि ताकद आली की दगड. स्वतःच्या हातानं, क्रमाक्रमानं वाढवत. आजच्या कुठल्याही फिजिओथेरपी विभागात हा क्रम चालेल. हाडवैद्यानं सुश्रुताचं नाव सांगावं, पण ते पानही वाचावं.

आवळून बांधण्याबद्दल सुश्रुतानं जे सांगितलं त्याचा सगळ्यात भयंकर पुरावा १८८१ साली जर्मनीतल्या हाले शहराच्या रिचर्ड फोन फोल्कमान यांनी मांडला. कोपराजवळ मोड झाल्यावर घट्ट बांधलेल्या हातांची बोटं पुढे कायमची आत वळून ताठ का होतात, याचं कारण त्यांनी रक्तपुरवठा तुटण्यात शोधलं. सूज बाहेर जाऊ शकत नाही, दाब वाढतो, आणि हाताच्या पुढच्या भागातले स्नायू तासांच्या हिशेबात मरू लागतात. मेलेलं मांस नंतर आकसतं. कामट्या घट्ट बांधलेला हात असो की दवाखान्यातलं पक्कं प्लास्टर, लक्षणं तीच: बांधल्यावर वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, मूल बेचैन होणं, औषधानं न ऐकणं, बोटं सरळ करायला गेलं की किंचाळणं. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच पट्टी सोडून घ्यायची. कोपर आखडलं तर वर्षभरात सुटण्याची आशा असते. हे स्नायू मेले तर ते परत येत नाहीत.

आता उरलेले थोडे. ज्यांचं कोपर आपणहून सुटत नाही, त्यांना ओळखायचं कसं?

हात शेवटच्या टोकाला नेल्यावर काय जाणवतं, यावर अनुभवी डॉक्टर बरंच ताडतात. मऊ, स्प्रिंगसारखा अडथळा असेल तर पिशवी आणि स्नायू. तिथे वेळ काम करेल. टक्कन थांबत असेल तर हाडाला हाड अडतंय, आणि तिथे कितीही वर्षं खेळलं तरी उपयोग नाही. अडणारं हाड अनेक प्रकारचं असतं. सांध्यात अडकलेलं ते हरवलेलं तिसरं केंद्र. वाकडं जुळलेलं टोक. बाहेरच्या बाजूची मोड, जी कूर्चेतून जाते म्हणून एक्स-रेत नुसती बारीक रेघ दिसते आणि ‘मुका मार आहे’ म्हणून सोडली जाते. ती सांध्याच्या द्रवात भिजत राहून जुळतच नाही, कोपर वर्षानुवर्षं बाहेर वळत जातं, आणि वीस वर्षांनी करंगळी बधिर व्हायला लागते. आणखी एक उशिराचा पाहुणा आहे. दंडाच्या हाडाच्या कप्पीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी मोजक्या असतात. लहानपणीच्या मोडीत त्या तुटल्या तर कप्पीचा मधला भाग वाढत नाही, एक्स-रेत माशाच्या शेपटीसारखी खाच दिसते, आणि पाच-सात वर्षं उत्तम चाललेलं कोपर दहावी-अकरावीत अचानक दुखायला आणि आखडायला लागतं. घरच्यांना जुनी मोड आठवतही नसते.

हाड वाकडं जुळलं तर वाढीत सुधारेल, हा भरवसाही कोपराजवळ फार चालत नाही. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते, कोपराकडे जेमतेम २० टक्के. खांद्याजवळची वाकडी मोड मूल वाढताना आपोआप सरळ होऊन जाते. कोपराजवळ आत वळलेला हात तसाच राहतो. हालचाल परत मिळते, पण सरळ रेषा मिळत नाही. एकाच हाडाच्या दोन टोकांचा स्वभाव इतका वेगळा.

किशोरवयात नियम बदलतात. तेरा-चौदाच्या पुढच्या मुलाचं कोपर मोठ्यांच्या कोपरासारखं वागू लागतं: चटकन आखडतं आणि सावकाश सुटतं. त्याला फिजिओथेरपी लागते, आणि ती लवकर लागते. सहा महिन्यांत पुरेशी हालचाल आली नाही तर स्क्रू फिरवून रोज अंशाअंशानं कोन वाढवणारी पट्टी असते. ती झटका देत नाही, एका कोनात धरून ठेवते आणि पडदा त्या ताणाला सवयीनं ढिला पडायची वाट बघते. तेवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशन, दुर्बिणीतून किंवा उघडून, ज्यात जाड झालेला पडदा आणि अडणारं हाड काढतात. हात खूप दिवस वाकलाच नसेल तर आतल्या बाजूची नसही मोकळी करावी लागते. ही तीच नस, जी टेबलाच्या कडेला आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. कोपर वाकताना ती ताणली जाते, आणि वर्षभर न ताणलेल्या नसेला एकदम ताण दिला तर ती रुसते.

मुलांमध्ये या ऑपरेशनचा निकाल मोठ्यांइतका खात्रीचा नसतो. मेयो क्लिनिकनं २००२ साली एकवीस वर्षांपर्यंतच्या रुग्णांचा जो अहवाल छापला, त्यात हालचालीत सरासरी सुमारे २८ अंशांची भर पडली होती. टेबलावर भुलेत मिळालेला कोन पुढच्या काही आठवड्यांत बराचसा परत जातो. तो टिकवण्याचं काम पोरानं स्वतः, रोज, दुखत असताना करायचं असतं. आठ वर्षांच्या मुलाला ते का करायचं हे पटत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला पटतं. म्हणून बरेच डॉक्टर घाई न करता मूल समजदार होण्याची वाट पाहतात, आणि मला ते योग्य वाटतं.

बीडमध्ये अडचण वेगळीच असते: पंचांगाची. दसरा-दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता, म्हणजे तोडणी करणारं जोडपं, निघालं की पोरंबाळंही निघतात, पार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत. गाळप संपून गावी परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. ऑक्टोबरात धारूर किंवा पाटोद्याच्या पोराचा हात मोडला, तारा घातल्या, महिन्याभराची तारीख मिळाली, तर त्या तारखेला घर कुठल्या तरी फडात, कोपीत असतं. तारा तशाच राहिल्या तर त्यांच्या वाटेनं जंतू सांध्याकडे जातात. प्लास्टर चार आठवड्यांऐवजी दहा आठवडे राहिलं तर साधं कोपरही हट्टी होतं. डॉक्टरनं चिठ्ठीवर तारखेबरोबर ‘जवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात तार काढून घ्यावी’ एवढी ओळ लिहून दिली तर निम्मं काम होतं. हंगामी वसतिगृहात ठेवलेल्या मुलाचं तर आणखी सोपं, शिक्षक त्याला तालुक्याला नेऊ शकतात.

जिल्ह्याकडे साधनं नाहीत असं नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून उभं आहे आणि आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. ज्या स्वामीजींचं नाव त्याला आहे ते निजामी अमलात याच गावात मास्तर होते, शाळा चालवत होते. १०८ ची गाडी आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, शाळाशाळांतून मुलं तपासत फिरणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत. या पथकांनी मुलांना रांगेत उभं करून दोन्ही हात समोर ताठ करायला आणि मग बोटं खांद्याला लावायला सांगितलं, तर अर्ध्या मिनिटात जुनं आखडलेलं कोपर सापडेल.

फडातल्या घरालाही एक साधन आता हातात आहे. मोबाईल. प्लास्टर निघाल्यावर महिन्यातून एकदा, मुलाला भिंतीला पाठ लावून बसवायचं, दोन्ही हात आधी पूर्ण सरळ, मग पूर्ण वाकवलेले, असे बाजूनं दोन फोटो. दोन्ही हात एकाच फोटोत हवेत, कारण मोजायचं असतं ते चांगल्या हाताशी. हात मुलानं स्वतःच हलवायचा, कुणी धरून नाही. फोटो डॉक्टरला पाठवायचे. कोन दर महिन्याला थोडा का होईना सरकत असेल तर काहीही करायचं नाही, पोराला खेळू द्यायचं. लागोपाठ दोन-तीन महिने एका जागी अडलेला दिसला, किंवा आधी मिळालेला कोन कमी झाला, तर गाळप संपण्याची वाट न बघता नवा एक्स-रे काढायचा, दोन्ही कोपरांचा.